पेंचने जपलेला अंधार

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाची ख्याती आजवर वाघांमुळे होती. जानेवारी २०२४ मध्ये तिला अंधाराची जोड मिळाली. ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली.

केवळ अरण्य दाट आहे म्हणून हा मान लाभलेला नाही. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलण्यात आले. नव्या दिव्यांचा झोत जमिनीकडेच पडतो. यामुळे गावे काळोखात लोटली गेली, असे मात्र नव्हे. वाघ-बिबट्यांच्या शेजारी राहणाऱ्याला रात्री पायाखालची वाट दिसलीच पाहिजे, आणि आकाशात वाया जाणारा उजेड वाटेवर आला तर त्यात त्याचाच लाभ आहे. (वीजबिल भरणाऱ्या नगरपालिकांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.) शिवाय दिव्याभोवती घिरट्या घालून प्राण गमावणारे कीटकही त्यामुळे काही अंशी वाचतात.

आकाशदर्शनासाठी जाणाऱ्यांनी मार्गशीर्षातील अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले असते आणि वायव्येकडे देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. मात्र अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात कोणी मोबाईल उघडला, की शेजाऱ्यालाही पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागते.