स्विस चाकूला पाणी कुणी दिले?

‘व्हिक्टोरिनॉक्स घ्यावा, जुना वेंगर शोधावा, की सरळ लेदरमन? आणि स्विस चाकूच्या पात्याची कठीणता म्हणे जेमतेम ५६ रॉकवेल असते. बाजारात ६२-६४चे पोलाद मिळत असताना तो घ्यायचाच कशाला?’ सह्याद्रीत नेमाने भटकणाऱ्या एका वाचकाने असे विचारले आहे. हे खरे म्हणजे दोन प्रश्न झाले. पहिला लवकर उरकतो. दुसऱ्याच्या पोटात सव्वादोनशे वर्षांचे धातुशास्त्र आहे आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

आधी कंपन्यांचे बघू. स्विस लष्कराने १८८९ मध्ये श्मिट-रुबिन ही नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे आणि सैनिकांच्या शिध्यात डबाबंद अन्नही होते. तेव्हा पाते, टोच्या, टिन ओपनर आणि स्क्रू ड्रायव्हर असे सगळे असलेला एकच चाकू प्रत्येकाला द्यायचे ठरले. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून मागवावी लागली, कारण एवढे चाकू बनवण्याची ताकद देशात कुणाकडे नव्हती. इबाख या गावात १८८४ पासून चाकूंचा कारखाना (हीच पुढची व्हिक्टोरिनॉक्स) चालवणाऱ्या कार्ल एल्सेनरने स्विस कारागिरांची मोट बांधली आणि १८९१ मध्ये लष्कराला पहिले स्वदेशी चाकू दिले. १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी दुसरे छोटे पाते आणि कॉर्कस्क्रू असलेला चाकू नोंदवला. पुढे जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून गाजला तो हाच. गंमत अशी की लष्कराने तो कधी वाटलाच नाही. अधिकारी तो पदरचे पैसे घालून घेत.

फ्रेंच भाषक जुरा भागातल्या देलेमाँची वेंगर ही दुसरी कंपनी. जर्मन आणि फ्रेंच भाषक भागांत तंटा नको म्हणून लष्कराने १९०८ पासून दोघींना निम्मे-निम्मे काम दिले. ही जोडी जवळजवळ शतकभर टिकली. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि काही वर्षांनी चाकूंवरून ते नाव उतरले. त्यामुळे आज वेंगर हवा असेल तर जुनाच शोधावा लागतो. हौशी मंडळी तो शोधतात, त्याला कारणेही तशीच आहेत. व्हिक्टोरिनॉक्सचा टिन ओपनर पुढे सरकत कापतो, वेंगरचा मागे येत. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत केसासारखी पातळ वेगळी स्प्रिंग असते आणि ती कधीतरी हमखास तुटते. वेंगरने तेच काम मुख्य स्प्रिंगकडून करून घेतले होते. माझ्या मते ती कात्री सरस होती आणि ती गेली याची मला हळहळ वाटते.

लेदरमनची जातच निराळी. टिम लेदरमन हा अमेरिकी अभियंता १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सतत कुरकुरायची, खिशात चाकू होता, पण प्रत्येक वेळी पक्कड नाही म्हणून अडायचे. परतल्यावर तो या एकाच कल्पनेमागे लागला आणि १९८३ मध्ये पक्कड मध्यभागी ठेवून तिच्या दांड्यांत बाकीची अवजारे घडी घालणारे त्याचे हत्यार बाजारात आले. तेव्हा वाचकहो, तारा, नट, स्टोव्ह यांच्याशी झटापट असेल तर लेदरमन घ्या. कापणे, सोलणे, डबे उघडणे असेल तर स्विस चाकू घ्या. दोघांचे नेहमीचे पोलादही एकाच जातकुळीतले, साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १३ ते १५ टक्के क्रोमियम असलेले.

अवजारे किती, या मोजणीत मात्र पडू नये. वेंगरने एकदा ८७ अवजारांचा एक चाकू बनवून दाखवला होता. तो कपाटात शोभतो, मुठीत धरता येत नाही. एल्सेनरची करामत नेमकी उलटी होती. त्याच्या १८९७च्या चाकूत एकच स्प्रिंग पाठीच्या आणि पोटाच्या अशा दोन्ही बाजूंच्या अवजारांना दाब देते. पाते नखाने हळूच उघडून पाहा. त्याच्या बुडाचा चौकोनी कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, बोटाला विरोध जाणवतो, मग कोपरा ओलांडला की सपाट बाजू स्प्रिंगखाली बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हौशी लोक कानाने चाकू पारखतात तो या आवाजावरून, आणि त्यांचे बरोबरच आहे. बुडाचा चौकोन आणि स्प्रिंग यांच्या मापात तसूभर फरक पडला तरी हा आवाज बसका येतो.

आता ५६चे बघू. रॉकवेल चाचणी बॉल बेअरिंगच्या कारखान्यातून आली. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी ती गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शोधली. हिऱ्याचा छोटा शंकू दीडशे किलोच्या भाराने पोलादात दाबायचा आणि खळगा किती खोल पडला ते मोजायचे. खळग्याच्या खोलीतले दर दोन मायक्रॉन म्हणजे एक अंक, आणि तो शंभरातून वजा करायचा. म्हणजे ५६ला ८८ मायक्रॉनचा खळगा पडतो.

व्हिक्टोरिनॉक्सने आपले आकडे जाहीर केलेले आहेत आणि ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो. मोठे पाते ५६, कात्री आणि लाकडाची करवत ५३, स्क्रू ड्रायव्हर, टिन ओपनर आणि टोच्या ५२, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंगा ४९. पाते आणि स्प्रिंग यांच्या खळग्यांत फरक फक्त १४ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण तेवढ्या फरकावर सगळा चाकू उभा आहे. स्प्रिंग ५६ची केली तर हजारो वेळा वाकून ती तडकेल. स्क्रू ड्रायव्हर ५६चा केला तर पीळ बसताच त्याचा कोपरा उडेल. पाते ४९चे केले तर दोन दिवसांत धार मुडपेल. स्विस चाकू म्हणजे एका मुठीत चार वेगवेगळे पाणी दिलेली हत्यारे. जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

मग पाते तरी ६४चे का नाही? पोलाद तापवले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात सहज सामावतो. झपकन थंड केले की मांडणी पूर्वीसारखी होऊ पाहते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद कठीण होते. या अवस्थेला जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स याच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. नुसते एवढ्यावर सोडले तर पाते काचेसारखे फुटेल, म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. इबाखमध्ये आधी १०४० अंश, मग १६० अंश सेल्सिअस.

कार्बन वाढवला तर कठीणता वाढते, पण जादा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण बनवतो. हे कण अतिशय टणक असतात आणि पुठ्ठा, दोर यांच्या घासणीला छान टिकतात. ‘सुपर स्टील’ची कीर्ती बरीचशी त्यांच्यावर आहे. पण बारीक धारेवर एखादा मोठा कण बसला की तो निखळतो आणि मागे दात पडलेली कड उरते. शिवाय कार्बाइडमध्ये अडकलेले क्रोमियम गंज रोखायला मिळत नाही. गंज रोखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. तापल्या दुधावरची साय बाजूला सारली की पुन्हा धरते तसा हा थर ओरखडा पडताच हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा धरतो. पण त्यासाठी पोलादात साधारण ११-१२ टक्के मोकळे क्रोमियम हवे. दुधात साय धरण्याएवढे स्निग्धच उरले नाही तर ती कुठून यायची?

एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. केस पोलादाहून पन्नासपट मऊ असतो, तरी दाढीचे पाते बोथट का होते? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर धार नुसती झिजत नव्हती, तिचे टवके उडत होते. केस वाकला आणि पोलादाची अंतर्गत बांधणी त्या जागी एकसारखी नसली की ताण एका बिंदूवर साठतो आणि कपची निघते. कठीणतेचा एकच आकडा घेऊन भांडणाऱ्यांनी हा शोधनिबंध जरूर पाहावा. कण बारीक आणि बांधणी एकसारखी, हे ६४ या आकड्याहून मोलाचे. ५६च्या पात्याची धार थोडी लवकर जाते हे खरे, पण साध्या निसण्यावर पाच मिनिटांत परत येते. व्हॅनेडियम कार्बाइडने भरलेल्या पोलादाला हिऱ्याचाच दगड लागतो, आणि रतनगडावर तो कोण घेऊन जाणार?

एवढे सांगून थांबता आले असते. पण हे क्रोमियम पोलादात आले कसे, ही कथा मला त्याहून आवडते, कारण तिच्यात मान मिळालेले सगळे शास्त्रज्ञ आहेत आणि विसरले गेलेले चाकूवाले.

हेलेनस स्कॉट हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. मुंबईत असताना त्याने १७९४च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे भारतीय पोलादाच्या वड्या पाठवल्या. हे ‘वुट्झ’ आजच्या कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूच्या मुलखात मातीच्या बंद मुशीत बनत असे. पण जॉर्ज पिअर्सनने १७९५च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ते मुंबईत बनते असे लिहून टाकले. मुशी भाजणाऱ्या कारागिरांचे नाव तर सोडाच, गावसुद्धा नोंदले गेले नाही. हे पोलाद घडवायचे कुणी? जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू-वस्तरे बनवणाऱ्याने. बँक्सच्या सांगण्यावरून त्याने वुट्झचा एक लेखणी तासायचा चाकू घडवला. पुढे तो आपल्या दुकानाच्या कार्डावर हे भारतीय पोलाद युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादाहून सरस आहे असे छापत असे.

हाच स्टोडार्ट १८१८च्या सुमारास तरुण मायकेल फॅरडेच्या जोडीला आला. फॅरडेला वुट्झच्या विश्लेषणात ॲल्युमिनियमचा अंश दिसला आणि गुण त्यातच आहे असे त्याला वाटले. तर्क चुकीचा होता, पण त्यामुळेच दोघे पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहू लागले: चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम. १८२० आणि १८२२च्या निबंधांवर स्टोडार्टचे नाव आधी आहे, फॅरडेचे नंतर. फॅरडे या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देई. आज हे संशोधन फॅरडेच्या खात्यावर जमा आहे, आणि घणाखाली पोलाद कसे वागते हे हाताने जाणणारा माणूस तळटिपेत गेला आहे. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि काही काळातच फॅरडेचे पोलादही सुटले.

त्यांचे काम वाचून फ्रान्समध्ये प्येर बेर्तिएने १८२१ मध्ये क्रोमियम मिसळून पाहिले. त्याने चाकू आणि वस्तरा बनवला आणि जास्त क्रोमियमचे मिश्रण आम्लाला दाद देत नाही हेही टिपले. गंजरहित चाकूच्या इतक्या जवळ पोचूनही जवळजवळ शंभर वर्षे गेली, कारण त्या काळच्या क्रोमियममध्ये कार्बन फार असे आणि मिश्रण ठिसूळ होई. १८९२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डसारख्या दिग्गजाने तर तीव्र सल्फ्युरिक आम्लात तपासून क्रोमियमने पोलाद अधिक गंजते असा उलटाच निष्कर्ष काढला. चाकूची गाठभेट होते लिंबाशी आणि व्हिनेगरशी, पण त्याने चाचणीसाठी भलतेच आम्ल घेतले.

१९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअरलीने १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले ते रायफलच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून. (स्विस चाकू जन्मला रायफलमुळे, आणि त्याचे पुढचे पोलादही रायफलमुळेच.) तुकडे आम्लाने कोरले जाईनात, तेव्हा त्याला चाकू सुचला. शेफील्डच्या कारागिरांनी मात्र हे पोलाद कठीण होत नाही म्हणून परत केले आणि कधीही न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक म्हणून त्याची चेष्टा झाली. दोष पोलादाचा नव्हता. साध्या पोलादाला ज्या लालीवर पाणी देतात त्या लालीवर क्रोमियमचे पोलाद कठीण होतच नाही. त्याला बरेच जास्त तापवावे लागते. मोझ्ली या चाकूंच्या कारखान्यातला अर्नेस्ट स्टुअर्ट हे ब्रेअरलीच्या मदतीने शिकला. त्याने पाती व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिली, घडवायची आणि पाणी द्यायची रीत बसवली; ‘स्टेनलेस’ हे नावही त्याचेच. स्टेनलेस स्टीलच्या इतिहासात ब्रेअरलीचा पुतळा उभा राहावा हे योग्यच, पण शेजारी स्टुअर्टला जागा हवी होती. त्याच्या हाताशिवाय ते पोलाद प्रयोगशाळेच्या फळीवर पडून राहिले असते.

इबाखच्या एल्सेनर घराण्याने हे पोलाद स्वीकारले आणि १९२१ पासून कंपनीच्या नावात कार्लची आई व्हिक्टोरिया हिच्या नावापुढे ‘इनॉक्स’, म्हणजे गंजरहित, हा शब्द जोडला. दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांनी ब्राउन बोव्हेरी कंपनीकडून पूर्णपणे विजेवर चालणारी पाणी द्यायची भट्टी बसवून घेतली. कोळशाच्या भट्टीत पोलादाची लाली डोळ्याने जोखावी लागे आणि १०४० अंशांची लाली नवख्याला ओळखता येत नसे. विजेवर ते तापमान रोज, प्रत्येक पात्याला, तेवढेच मिळू लागले.