फ्लॉइड कार्डोझ

फ्लॉइड कार्डोझ (२ ऑक्टोबर, १९६०:मुंबई, महाराष्ट्र, भारत - २५ मार्च, २०२०:माँटक्लेअर, न्यू जर्सी, अमेरिका) हे भारतीय-अमेरिकन शेफ होते. न्यू यॉर्क शहरातील 'तबला' या रेस्टॉरंटचे कार्यकारी शेफ म्हणून ते प्रसिद्धीस आले. भारतीय मसाल्यांचा वापर फ्रेंच पाकतंत्राच्या जोडीने, तसेच अमेरिकेत पिकणाऱ्या व मिळणाऱ्या जिनसांवर करणे हे त्यांच्या पाककलेचे वैशिष्ट्य होते. मुंबईतील 'द बॉम्बे कँटीन' आणि 'ओ पेद्रो' या रेस्टॉरंटांच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता.

== शिक्षण आणि व्यवसायात प्रवेश ==

कार्डोझ यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे, तर त्यांचे बालपण मुंबईत गेले. त्यांनी सुरुवातीस जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. आर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी वाचून त्यांचे लक्ष या व्यवसायाकडे वळले. ही कादंबरी प्रामुख्याने हॉटेलच्या कारभाराविषयी आहे, स्वयंपाकाविषयी नव्हे. तरीही ती वाचलेला हा विद्यार्थी प्रयोगशाळेऐवजी भटारखान्यात गेला. त्या काळी मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत आचाऱ्याचे काम हे पदवीधराने निवडण्याचा पेशा मानले जात नसे, हे लक्षात घेता हा निर्णय साधा नव्हता.

पाककलेचे पहिले शिक्षण त्यांनी मुंबईतच घेतले. त्यानंतर ते स्वित्झर्लंडमधील ले रोश या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत शिकण्यास गेले व तेथून पुढे न्यू यॉर्कला आले. तेथे आरंभी त्यांनी एका भारतीय रेस्टॉरंटात काम केले.

== लेस्पिनास ==

न्यू यॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलमधील लेस्पिनास या रेस्टॉरंटात त्यांनी ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली काही वर्षे काम केले. कार्डोझ यांच्या पुढील वाटचालीचा पाया येथे घातला गेला असे म्हणता येते.

अशा रेस्टॉरंटांतील कामाची रचना ऑग्युस्त एस्कोफिये यांनी रूढ केलेल्या पद्धतीवर आधारलेली असते. तीत प्रत्येक विभागाचे काम वेगळे असते: एक जण केवळ मासे करतो, दुसरा सॉस, तिसरा भाज्या, तर चौथा थंड पदार्थ. नवा माणूस सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे 'कॉमी' म्हणून लागतो. दिवसभर चिरणे, सोलणे, गाळणे ही कामे करून एका विभागात हात बसला की पुढच्या विभागात जातो. सर्व विभाग पालथे घातल्यावर तो सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफचा उजवा हात, होऊ शकतो. पदवी कोणतीही असली तरी ही चढण चुकत नाही.

कुन्झ हे सिंगापूरमध्ये जन्मलेले स्विस शेफ होते. चिंच, आले, लिंबाची पाने असे आशियाई जिन्नस ते फ्रेंच पदार्थांत सहज वापरत. एरवी युरोपीय पद्धतीच्या भटारखान्यात भारतीय मसाल्यांची जाण ही काही पात्रता मानली जात नसे. येथे मात्र तिचा उपयोग होता. १९९४ साली द न्यू यॉर्क टाइम्सने लेस्पिनासला चार तारे, म्हणजे आपली सर्वोच्च श्रेणी, दिली.

== तबला ==

१९९८ साली रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मायर यांच्यासह कार्डोझ यांनी मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर 'तबला' सुरू केले. त्या काळी न्यू यॉर्कमध्ये भारतीय जेवण म्हणजे नान, बटर चिकन आणि एकाच चवीच्या दोन-तीन 'करी', तेही स्वस्तात, अशी सर्वसाधारण समजूत होती. महागड्या रेस्टॉरंटात पांढऱ्या टेबलक्लॉथवर हे जेवण वाढले जाणे अपवादात्मक होते.

तबलामध्ये नेहमीच्या भारतीय रेस्टॉरंटची खाद्यसूची नव्हती. येथील गोव्याच्या मसाल्यातील खेकड्याचे केक आणि रोझमेरी घातलेले नान हे पदार्थ विशेष गाजले. यांपैकी पहिल्यात पदार्थ अमेरिकेचा व मसाला गोव्याचा आहे. दुसऱ्यात तंदूर भारतीय व वनस्पती भूमध्य सागराकडची. वरच्या मजल्यावर औपचारिक भोजनगृह होते, तर खाली 'ब्रेड बार' हा तंदुरी रोट्या व साध्या पदार्थांचा कमी खर्चाचा विभाग होता. द न्यू यॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइकल यांनी तबलाला तीन तारे दिले.

या पाकशैलीला 'फ्यूजन' असे नाव सरसकट दिले जाते, पण त्यातून फारसा बोध होत नाही. मसाल्याची पूड वरून भुरभुरल्याने पदार्थ भारतीय होत नाही. मोहरी तेलात तडतडली पाहिजे. धने-जिरे भाजून कुटले तर एक चव येते आणि अख्खेच फोडणीत टाकले तर दुसरी. आंबटपणा चिंचेचा, कोकमाचा, व्हिनेगरचा की लिंबाचा, यावर पदार्थाचे रूप बदलते. गोव्याच्या कॅथलिक स्वयंपाकात व्हिनेगर आणि त्याच किनाऱ्यावरील हिंदू स्वयंपाकात कोकम हा भेद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. कार्डोझ यांनी फोडणी, भाजणे, आंबटाची निवड या क्रिया फ्रेंच तंत्राइतक्याच नेमक्या मानून वापरल्या.

डिसेंबर २०१० मध्ये तबला बंद झाले. मधल्या काळात, २००६ साली, त्यांचे 'वन स्पाइस, टू स्पाइस' हे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. जेम्स बियर्ड पुरस्कारासाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळाले.

== टॉप शेफ मास्टर्स ==

तबला बंद झाल्यानंतर काही महिन्यांतच, २०११ साली, कार्डोझ यांनी 'टॉप शेफ मास्टर्स' या दूरचित्रवाणी स्पर्धेचे तिसरे पर्व जिंकले. अंतिम फेरीत त्यांनी केलेल्या पदार्थांत उपमा होता. अमेरिकी परीक्षकांना कळावे म्हणून त्याची ओळख पोलेंटाशी, म्हणजे मक्याच्या रव्याच्या इटालियन पदार्थाशी, सांगड घालून दिली गेली. सोबत रानटी अळंबी, कोकम आणि नारळाचे दूध होते. घरात दुसरे काही नसताना सकाळी केला जाणारा पदार्थ अंतिम फेरीत मांडणे धाडसाचेच होते. बक्षिसाची १ लाख डॉलरची रक्कम त्यांनी न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय येथील कर्करोग संशोधन निधीला दिली.

== नंतरची रेस्टॉरंटे आणि मुंबई ==

२०१२ पासून त्यांनी मायर यांच्याच 'नॉर्थ एंड ग्रिल'मध्ये काम केले. तेथील जेवण भारतीय नव्हते. त्यानंतर ते 'व्हाइट स्ट्रीट'मध्ये होते. २०१६ साली त्यांनी सोहो भागात 'पाववाला' सुरू केले. पुढे त्याचे नाव 'बॉम्बे ब्रेड बार' झाले व २०१९ मध्ये तेही बंद पडले. त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, घरगुती स्वयंपाकावरील त्यांचे 'फ्लेवरवाला' हे दुसरे पुस्तक आले.

न्यू यॉर्कमध्ये अशी चढउताराची वर्षे जात असताना मुंबईतील काम वाढत गेले. २०१५ साली समीर सेठ व यश भानगे यांच्यासह त्यांनी लोअर परळच्या कमला मिल आवारात 'द बॉम्बे कँटीन' सुरू केले. शहरातील उंची रेस्टॉरंटे तोवर आयात केलेला माल मिरवत असत. येथे हंगामी भाज्या, देशी धान्ये आणि निरनिराळ्या प्रांतांतील पदार्थ यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या व पोर्तुगीज खाद्यपरंपरेवर आधारित 'ओ पेद्रो' उघडले. भायखळ्याचे 'बॉम्बे स्वीट शॉप' हे मिठाईचे दुकान मार्च २०२० मध्ये सुरू झाले.

== मृत्यू ==

या दुकानाच्या निमित्ताने कार्डोझ मुंबईत आले होते. अमेरिकेत परतल्यावर त्यांना ताप आला व १८ मार्च रोजी कोव्हिड-१९ चे निदान झाले. २५ मार्च, २०२० रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतात टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली होती आणि बॉम्बे कँटीनसह मुंबईतील रेस्टॉरंटे बंद होती. ग्रे कुन्झ यांचे निधनही त्याच महिन्यात झाले.

न्यू यॉर्कच्या एका मसाला कंपनीबरोबर त्यांनी आखलेले मसाले त्यांच्या पत्नी बरखा कार्डोझ यांनी त्यांच्या पश्चात, २०२० मध्येच, बाजारात आणले. त्यांत गरम मसाल्यासोबत गोव्याचा मसालाही आहे.