हिंजवडीची हिरवी वीज आणि भाडेकरूचे मीटर

हिंजवडीच्या रस्त्यावर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मोठ्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसलेत, कंपन्यांच्या छतांवर सोलर पॅनेल दिसतात. त्याच परिसरात, माण, मारुंजी आणि हिंजवडी गावठाणाच्या आजूबाजूला एकाला एक लागून बांधलेल्या खोल्या आहेत. आयटी पार्कचे सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंगच्या ताई, कँटीनमधली मुले आणि डिलिव्हरी करणारे तरुण तिथे राहतात. त्यात आपले लोक बरेच आहेत. तिथे चर्चा सोलरची नसते, विजेच्या बिलाची असते. आणि ते बिलही त्यांच्या नावाचे नसते.

कोळशाची वीज मागे पडावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्राजवळ राहणाऱ्यांना राख म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. प्रश्न वेगळा आहे. हा बदल होताना फायदा कोणाला मिळतो आणि खर्च कोणावर पडतो?

मुळशी तालुक्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. हिंजवडीच्या कडेने वाहणारी मुळा नदी वरच्या अंगाला, मुळशीला, टाटांनी अडवली. पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिरा येथे वीज तयार करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. धूर नाही, कोळसा नाही. आजच्या भाषेत ती अक्षय ऊर्जाच. तिच्यासाठी मावळातली गावे पाण्याखाली गेली. 1921 साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह उभा राहिला आणि 1924 पर्यंत चालला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिले आहे आणि त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. या लढ्यातली एक गोष्ट आपल्या आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. बुडणाऱ्या जमिनीपैकी बरीच जमीन कागदावर सावकारांच्या नावे होती. त्यांना भरपाई हवी होती, ती घेऊन ते बाजूला झाले. जमीन कसणाऱ्याचे घर आणि पोट दोन्ही गेले, कारण कागदावर त्याचे नाव नव्हते. भिऱ्याचे वीजकेंद्र 1927 मध्ये सुरू झाले.

विजेचा विचार आपल्या चळवळीला परका नाही. बाबासाहेब जुलै 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज यांची धोरणे त्यांच्याच खात्यात आखली गेली. दामोदर खोरे योजनेची सुरुवात आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना याच काळातली. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट गरिबीशी जोडला होता. शेतीवर अडकून पडलेल्या माणसांना बाहेर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच समितीसमोर ठेवला. जयंतीच्या भाषणांत ही बाजू फारशी येत नाही. यायला हवी.

आता बिलाकडे येऊ. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. जितकी जास्त वीज, तितका पुढच्या टप्प्यातल्या युनिटचा दर जास्त. 2024-25 मध्ये पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे होता आणि 101 ते 300 युनिटांना 10 रुपये 29 पैसे. म्हणजे दुपटीहून जास्त. यावर वहन आकार, स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क वेगळे. त्यानंतर दर बदलले, पण टप्प्यांची रचना तीच आहे. कमी वापरणाऱ्या गरिबाला स्वस्त पडावे, हा या रचनेचा हेतू. कागदावर तो चांगलाच आहे.

पण पाच खोल्यांची चाळ घ्या. प्रत्येक खोलीत एक पंखा, दोन दिवे, मोबाइलचे चार्जिंग आणि एक जुना फ्रिज किंवा टीव्ही. महिन्याला खोलीमागे 60 युनिट धरू. प्रत्येकाचे मीटर स्वतंत्र असते, तर सगळेच पहिल्या टप्प्यात राहिले असते. खोलीमागे वीज आकार 283 रुपये, पाच खोल्यांचे मिळून 1,413. प्रत्यक्षात मीटर एकच, घरमालकाच्या नावे. त्यावर 300 युनिट पडतात. पहिली 100 स्वस्त, पुढची 200 महाग. हिशेब होतो 2,529 रुपये. फरक 1,116 रुपयांचा. पाच मीटर घेतले तर चार मीटरांचा स्थिर आकार जादा भरावा लागेल, तो साधारण पाचशे रुपये. तो वजा केला तरी महिन्याला सहाशेच्या वर रक्कम ही माणसे केवळ नावावर मीटर नाही म्हणून भरतात. घरमालक याच्यावर सरसकट दर लावून सबमीटरप्रमाणे वसुली करतो, तो भाग निराळाच. गरिबासाठी केलेला टप्पा गरिबाच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही.

बिले वाढतात ती का, हेही समजून घ्यायला हवे. विजेच्या दरात फक्त वीज तयार करण्याचा खर्च नसतो. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्जाचे हप्ते आणि गळती हे सगळे त्यात असते आणि वीज कमी विकली गेली म्हणून हा खर्च कमी होत नाही. आजवर उद्योग आणि मोठे व्यापारी ग्राहक जास्त दर भरून लहान ग्राहकांचा काही भार उचलत आले. आता तेच ग्राहक छतावर सोलर बसवतात किंवा मोकळ्या बाजारातून थेट वीज घेतात. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. पण जाळे उभे ठेवण्याचा खर्च मग जे मागे उरतात त्यांच्यात वाटला जातो. मागे उरतो तो ज्याला छत नाही तो. हे जाळे किती नाजूक आहे, ते हिंजवडीने जुलै 2025 मध्ये पाहिले. 220 केव्हीची भूमिगत वाहिनी बिघडली आणि आयटी पार्कपासून वस्त्यांपर्यंत सगळ्यांचे हाल झाले. सोसायट्यांना डिझेल जनरेटर होते. खोल्यांमध्ये मेणबत्त्या.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल आमचे मत अनेकांना आवडणार नाही. मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 30 लाखांहून महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. पुढे नव्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी जाहीर झाली. चाळीस लाखांच्या गाडीला टोल माफ, हे धोरण पर्यावरणाचे कमी आणि गाडीवाल्यांचे जास्त वाटते. शिवाय हिंजवडीच्या चौकात अडकलेली इलेक्ट्रिक कार रस्त्यावर पेट्रोल कारइतकीच जागा अडवते. कोंडी सुटते ती बसने आणि मेट्रोने. पीएमपीच्या ताफ्यात 2019 पासून इलेक्ट्रिक बस आल्या, हे चांगले झाले. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी मात्र डिसेंबर 2018 मध्ये झाली आणि काम मुदतीमागून मुदत ओलांडत राहिले.

खरा फायदा दुचाकीत आहे आणि तो गरीब माणसाचा आहे. डिलिव्हरी करणारा मुलगा दिवसाला 100 किलोमीटर फिरतो असे धरू. पेट्रोलच्या गाडीला दोन लिटर लागते, म्हणजे रोजचे दोनशे रुपये. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला साधारण तीन युनिट पुरतात. महागड्या टप्प्याचा दर लावला तरी तीस-पस्तीस रुपये. महिन्याला चार हजारांच्या पुढे बचत. पण त्याच्या खोलीत चार्जिंग करू द्यायला घरमालक तयार नसतो. मीटर त्याच्या नावावर नाही, खाली हक्काचे पार्किंग नाही. ज्याचा सर्वात जास्त फायदा होईल, त्याच्याजवळ प्लगच नाही.

दुसरीकडे, हिंजवडीत चार्जिंगची वेळही उलटी आहे. सोलरची वीज दिवसा तयार होते. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. पण आयटीतल्या माणसाची गाडी नेमक्या याच वेळेत कंपनीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि घरी येऊन रात्री चार्ज होते. रात्रीची वीज आजही मुख्यतः कोळशाची. जून 2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-कोळसा, बिगर-तेल स्रोतांचा झाला, ही बातमी खरी. पण क्षमता आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज यात फरक आहे. सूर्य मावळल्यावर सोलरची क्षमता कागदावरच राहते.

योजनांमध्येही हीच रेघ दिसते. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पाणी आणि ईव्ही चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये. दोन्हीला स्वतःचे छत लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्याने आणलेली ‘स्मार्ट’ योजना त्यातल्या त्यात आपल्या कामाची आहे. ती दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी आहे. साधारण 50,000 रुपयांच्या 1 किलोवॅट संचाला केंद्राचे 30,000 आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला राज्याचे 15,000, म्हणजे स्वतःचे फक्त 5,000. असा संच महिन्याला 100 ते 120 युनिट देतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू आहेत, त्यामुळे जातीच्या दाखल्याची तयारी आधी करून ठेवावी. गावाकडे आईवडिलांचे स्वतःचे घर आणि मीटर असेल, तर हा अर्ज तिथूनच करायला लावा. हिंजवडीच्या खोलीत मात्र ही योजनाही उपयोगी नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्येच व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम केले. त्यात पॅनेल एका छतावर आणि त्याचे युनिट अनेकांच्या बिलातून वजा, अशी सोय आहे. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या छतावरच्या पॅनेलमधून वस्तीची बिले कमी व्हावीत, ही मागणी याच धर्तीवर करता येते.

या खोल्यांत मराठवाड्यातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि तिकडे सोलरचा प्रश्न जमिनीचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा वीज देण्यासाठी गावोगाव सोलर प्रकल्प उभे राहत आहेत आणि त्यासाठी सरकारी व गायरान जमीन घेतली जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, रात्री साप-विंचवात पाणी द्यायची पाळी त्याच्यावर का यावी? पण गायरान रिकामे नसते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून, विशेषतः 6 डिसेंबर 1964 च्या देशव्यापी लढ्यापासून, आपल्या माणसांनी ही जमीन कसली आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी असंख्य कुटुंबांच्या नावावर सातबारा आला नाही. खाजगी जमीनमालकाला या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. ग्रामपंचायतीलाही अनुदान आहे. कसणाऱ्याच्या वाट्याला येते ती नोटीस. मुळशीत कूळ होता, इथे गायरानधारक आहे.

कार्यकर्त्यांनी करण्यासारखे काम भाषणाचे कमी आणि कागदाचे जास्त आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जोडणीसाठी मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात कार्यालयात घरमालकाचे ना-हरकत पत्र मागितले जाते आणि भाडेकरू तिथूनच परततो. असा अर्ज लेखी द्यावा आणि पोहोच घ्यावी. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा, म्हणजे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालाकडे जाता येते. महावितरणने 14 एप्रिल 2021 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली होती. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना 500 रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरून जोडणी मिळत होती. ती मुदतीची योजना होती. तशी सोय कायमची आणि भाडेकरूंनाही हवी.

दरवाढीच्या प्रस्तावावर महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. तिथे उद्योगांच्या संघटना आकडे घेऊन येतात, पुण्यातली प्रयाससारखी अभ्यासू संस्था बाजू मांडते. एकाच मीटरवर राहणाऱ्या पाच कुटुंबांना पाच घरे धरून टप्पे लावा, ही हरकत मात्र तिथे त्या कुटुंबांनीच न्यायला हवी. ती मराठीत लिहिता येते आणि वकील लागत नाही. सोबत सबमीटरच्या वसुलीच्या पावत्या आणि घरमालकाच्या बिलाची प्रत जोडावी. घरमालक प्रत देत नसेल, तर महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकला की बिल दिसते, आणि तो क्रमांक बहुतेक वेळा मीटरच्या पेटीवरच लिहिलेला असतो.