डोरलीची राखण

धारवाडच्या मळमड्डीत एखादा प्लॉट दोन-चार पावसाळे पडीक राहिला, की तिथं जी काटेरी गर्दी माजते तीत डोरली सापडावी. कमरेएवढं झुडूप, काटे खोडावर आणि थेट पानाच्या शिरेवरही. फिक्या जांभळ्या फुलांचे झुबके आणि सेंटिमीटरभर गोल फळं, आधी हिरवी, पिकली की केशरी. वांग्याचं रोप पाहिलेल्याला फुलावरूनच नातं कळतं. वांगं, बटाटा, टोमॅटो आणि डोरली, सगळी सोलॅनम या एकाच प्रजातीतली.

या फुलात मध नसतो. मध्यभागी पाच पिवळे परागकोश, तेही बंद. टोकाला तेवढी बारीक छिद्रं, मीठदाणीसारखी. परागकण हवे असतील तर ती हलवावी लागते, आणि आपल्या मधमाशीला ती कला येत नाही. काळ्या भुंग्याला येते. तो परागकोशांना घट्ट कवटाळतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवतो. त्याची गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते आणि छिद्रांतून परागांचा धुरळा त्याच्या पोटावर उडतो.

फळ धरलं की राखण सुरू होते. आतलं बी तयार होईपर्यंत ते कुणी खाऊन चालणार नाही. म्हणून हिरव्या फळात ग्लायकोअल्कलॉइड नावाची कडू विषं भरलेली असतात. पेशींची आवरणंच ती फोडतात; माणसाच्या पोटात गेली तर मळमळ, उलट्या, जुलाब. बी जून झालं की विष उतरू लागतं आणि रंग चढतो. मग पक्षी फळं खातात नि बिया लांब नेऊन टाकतात. पण पक्ष्यानं खाल्लं म्हणून आपण खाऊ नये. पिकल्या फळातही विष उरतंच. भातुकलीसाठी हिरवी फळं तोडणाऱ्या पोरांना हे आधी सांगावं.

याच गटातली विषं हिरव्या पडलेल्या बटाट्यातही वाढतात, म्हणून तो टाकून द्यायचा. उलट डोरलीचं मूळ ‘बृहती’ म्हणून आयुर्वेदाच्या दशमुळांत मानानं बसलं आहे.

रानवांग्यांतला कडवटपणा आणि काटे माणसानं पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून कमी केले. म्हणून धारवाडात ज्वारीच्या भाकरीबरोबर भरल्या वांग्यांची एण्णगाई निर्धास्त खाता येते. देठावरचे काटे मात्र काही वाणांनी अजून सोडलेले नाहीत. वांगी निवडताना बोटाला कळतं.