नोंद तुमची, साठा देशाचा

घाणेरीवर आलेल्या नीलवंत फुलपाखराचा फोटो मोबाइलमध्येच राहिला, तर तो नुसता फोटो. ठिकाण आणि तारीख जोडून तो ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर टाकला, की त्याची नोंद होते. नाव माहीत नसलं तरी चालतं. जाणकार स्वयंसेवक ओळख सुचवतात, इतर जण ती तपासतात. २००८ साली सुरू झालेल्या या पोर्टलमागे बंगळुरूची ‘एट्री’, पुदुच्चेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट अशा संस्था आहेत. माहिती खुल्या परवान्यावर असल्याने विद्यार्थ्यालाही वापरता येते. दुर्मीळ पक्षी सगळे हौसेनं नोंदवतात. कावळा, गाजरगवत आणि ती घाणेरीच सुटते. पण गाजरगवत, घाणेरी ही परकी झाडं कुठवर पसरली, हे अशाच साध्या नोंदींतून कळतं. तेव्हा सुरुवात अंगणातल्या तणापासून करा.