एक भोपळा, अनेक विषय

अमेरिकेत ३१ ऑक्टोबर रोजी हॅलोवीन हा सण साजरा होतो. आयर्लंड व स्कॉटलंड येथे सलगमाचे कंद कोरून दिवे करीत. तेथून अमेरिकेत गेलेल्यांनी त्याऐवजी भोपळा घेतला. तेथील प्राथमिक शाळांत हाच भोपळा अनेक विषयांचा दुवा ठरतो. गणितात मुले बियांची संख्या प्रथम अंदाजाने सांगतात, मग दहादहाचे गट करून मोजतात. विज्ञानात कापलेल्या भोपळ्यावर बुरशी कशी चढते, याची रोज नोंद ठेवतात. भाषेच्या तासाला भुताची गोष्ट रचतात. मात्र काही कुटुंबे हा सण पाळीत नाहीत. त्यांची मुले एकटी पडू नयेत म्हणून कित्येक शिक्षक भुते वगळून केवळ सुगीचा भोपळा घेतात. समवाय साधताना वस्तू प्रत्येक मुलास आपली वाटेल अशीच निवडावी.