क्लच वायर तुटण्याआधी इशारा देते, तो ओळखायचा कसा?

सिग्नलला उभे आहात. पहिला गिअर टाकलाय, डाव्या हाताने क्लच दाबून धरलाय, सिग्नल सुटायला पाच सेकंद बाकी आहेत. तेवढ्यात हाताखाली 'टक्क' असं काहीतरी होतं. लिव्हर एकदम सैल पडतो आणि गाडी समोरच्या रिक्षाकडे उडी घेते. नशीब चांगलं असेल तर इंजिन तिथेच बंद पडतं. नसेल तर मागून हॉर्न आणि पुढून शिव्या.

कारण काय? क्लच वायर तुटली.

बहुतेक लोक म्हणतात, "अचानक तुटली हो." पण क्लच वायर फार क्वचित एका क्षणात तुटते. त्याआधी कित्येक दिवस ती हाताला काहीतरी सांगत असते. ते कळलं तर दोन-तीनशे रुपयांच्या आतलं काम वेळेत उरकतं. नाही कळलं तर रस्त्यात गाडी ढकलावी लागते किंवा क्लच प्लेटचं मोठं काम निघतं. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊ.

ही वायर नेमकं करते काय?

गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिनची ताकद क्लच प्लेट्समधून गिअरबॉक्सकडे जाते. या प्लेट्स स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात. तुम्ही लिव्हर दाबला की वायर खेचली जाते, इंजिनवरचा क्लच आर्म फिरतो, स्प्रिंगचा दाब सुटतो आणि प्लेट्स मोकळ्या होतात. मग गिअर टाकता येतो. लिव्हर सोडला की प्लेट्स पुन्हा चिकटतात.

म्हणजे तुमचा हात आणि क्लच यांच्यातला एकमेव दुवा ही वायर. ती तुटली की क्लच 'लागलेला'च राहतो, सुटत नाही. सिग्नलला गाडी उडी घेते ती याचमुळे.

वायरचे भाग दोन. आतली तार पोलादाच्या बारीक बारीक तारा पिळून केलेली असते. बाहेरचं कव्हर म्हणजे स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं पोलाद आणि वर प्लास्टिक. आतली तार ओढली जाते, बाहेरचं कव्हर दाब सहन करतं, त्यामुळे वायर वळणावळणाने नेली तरी ओढ शेवटपर्यंत पोचते. या रचनेला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी 1896 मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं आणि सुरुवातीला ती सायकलच्या ब्रेकसाठी वापरली गेली. तुमच्या गाडीत आज तीच कल्पना आहे. विनागिअर स्कूटरला मात्र क्लचचा लिव्हरच नसतो आणि काही महागड्या बाइक्सना हायड्रॉलिक क्लच असतो. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

मग ती तुटते कुठे आणि का?

वायर मध्येच कुठेतरी तुटते असं वाटतं, पण ती बहुतेक वेळा टोकाला तुटते. त्यातही लिव्हरकडच्या टोकाला जास्त.

त्या टोकाला एक छोटं गोल निपल असतं. ते लिव्हरच्या खाचेत बसतं. लिव्हर दाबताना हे निपल खाचेत किंचित फिरायला हवं. तिथलं ग्रीस वाळलं, धूळ बसली की निपल जागेवर अडकतं. मग लिव्हर दाबला की निपल फिरत नाही आणि तार निपलच्या मुळाशी वाकते. सोडली की सरळ होते. पत्र्याची तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना, अगदी तसंच. फक्त इथे ते काम आपण रोज ट्रॅफिकमध्ये शेकडो वेळा करत असतो.

दुसरं कारण पाणी. इंजिनकडच्या किंवा लिव्हरकडच्या टोकाचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आणि चिखल कव्हरमध्ये शिरतो. कोकणात राहत असाल तर खारी हवा त्यात भर घालते. आतली तार गंजते, कव्हरला घासायला लागते आणि क्लच जड होतो.

तिसरं कारण चुकीचा मार्ग. हेडलाइटजवळ वायर चुकीच्या बाजूने नेली असेल तर हँडल वळवताना ती ताणली जाते किंवा फ्रेमवर घासते. नवीन वायर टाकल्यावर चार-सहा महिन्यांत पुन्हा तुटली तर आधी हे तपासा.

वायर देते ते इशारे

१. क्लच हळूहळू जड झाला. आत गंज किंवा धूळ आहे, नाहीतर कव्हर कुठेतरी मुरगळलंय.

२. लिव्हर सोडल्यावर तो पटकन परत येत नाही. तार आत अडकतेय.

३. दाबताना करकर जाणवते. एखाद-दुसरी बारीक तार आधीच तुटली असण्याची शक्यता मोठी. रबर बाजूला करून निपलजवळ बघा. एक जरी तार बाहेर आलेली दिसली तरी वायर बदला. उरलेल्या तारांवर तेवढाच भार वाढलेला असतो.

४. क्लच दोन-चार दिवसांतच सैल पडला, ॲडजस्ट केला, पुन्हा सैल पडला. हा सगळ्यात गंभीर इशारा. तारा एकेक करून तुटताहेत. त्याच दिवशी गॅरेज गाठा.

उलटं होत असेल, म्हणजे क्लच महिन्यागणिक जास्त टाईट होत असेल, तर बहुतेक गाड्यांमध्ये ते वायरचं दुखणं नसतं. क्लच प्लेट्स झिजत आल्या की लिव्हरची मोकळी हालचाल कमी होत जाते. एक लक्षात ठेवा: सैल होत गेलं तर वायरकडे बघा, टाईट होत गेलं तर प्लेट्सकडे.

'फ्री प्ले' म्हणजे काय आणि किती हवा?

लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर पहिली थोडी हालचाल रिकामी जाते, मग ओढ लागते. ही रिकामी हालचाल म्हणजे फ्री प्ले. बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांमध्ये ती लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर सांगितलेली असते. काही कंपन्या हेच माप लिव्हरच्या मुळाशी घेतात, तिथे ते 2-3 मिलिमीटर भरतं. इंटरनेटवर दोन वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. तुमच्या गाडीचा आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतो, तोच खरा.

फ्री प्ले खूप जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना खटका बसतो, न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते.

फ्री प्ले अजिबातच नसेल तर ते जास्त वाईट. मग क्लच कायम किंचित दाबलेला राहतो, प्लेट्स घसरतात आणि जळतात. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही. मायलेज पडतं. अनेकांना 'टाईट' क्लच आवडतो, पण त्या आवडीची किंमत प्लेट्स मोजतात. प्लेट्सच्या कामासाठी इंजिनचं कव्हर उघडावं लागतं, ऑइल काढावं लागतं, मजुरी वेगळी.

फ्री प्ले बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर ऑइलचा डबा बघा. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर प्लेट्स घसरू शकतात. बाइकच्या ऑइलवर 'जासो एमए' किंवा 'एमए2' असं लिहिलेलं असतं, ते पाहूनच घ्या.

दुरुस्त करायची की बदलायची?

वायर जड झालीय, पण तार शाबूत आहे: ऑइल घालून बघा. तारा सुटल्यात, कव्हर मोडलंय किंवा आत गंज आहे: बदला. तुटलेल्या टोकाला स्क्रूने आवळायचं निपल लावून देणारे मेकॅनिक भेटतात. त्याने घरापर्यंत पोचता येतं. त्यावर महिनाभर गाडी चालवणं म्हणजे पुढच्या सिग्नलला पहिला सीन पुन्हा घडवणं.

घरी बदलायची असेल तर

10 आणि 12 चा पाना, पक्कड आणि थोडं ग्रीस. काही गाड्यांना वेगळे पाने लागतात. इंजिन थंड असू द्या.

पहिलं काम: मोबाइलवर फोटो काढा. वायर लिव्हरपासून इंजिनपर्यंत कुठून कुठून जाते ते सगळं टिपून ठेवा. नंतर हेच फोटो वाचवतात.

लिव्हरजवळचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, म्हणजे वायर सैल होईल. ॲडजस्टर, त्याचा लॉक नट आणि लिव्हरचा ब्रॅकेट या तिन्हींना एकेक चीर असते. तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की वायर बाजूने निघते. मग निपल खाचेतून काढा. खाली इंजिनजवळचे नट सैल करून दुसरं टोक क्लच आर्ममधून सोडवा.

आता जुनी वायर ओढून काढण्याआधी तिच्या एका टोकाला लांब सुतळी बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून वायर हळू ओढून घ्या. जुनी वायर निघते, सुतळी तिच्या मार्गात राहते. तीच सुतळी नव्या वायरला बांधून ओढली की नवीन वायर नेमकी त्याच वाटेने येते.

नवीन वायर जुन्या वायरशेजारी ठेवून लांबी आणि टोकं जुळवून घ्या, मगच बसवा. निपलला आणि लिव्हरच्या खाचेत ग्रीस लावा. आधी इंजिनकडच्या नटांनी मोठं ॲडजस्टमेंट करा, मग लिव्हरकडच्या ॲडजस्टरने बारीक. लॉक नट आवळायला विसरू नका.

शेवटी दोन तपासण्या. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. फ्री प्ले बदलला तर वायर चुकीच्या मार्गाने गेलीय. मग इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी ढकला. ती सहज पुढे गेली पाहिजे. नवीन वायर सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही दिवसांनी फ्री प्ले पुन्हा बघा.

रस्त्यातच तुटली तर?

आधी गाडी बाजूला घ्या. गर्दी असेल तर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये ढकलत नेणं हाच शहाणपणा. न्यूट्रल सापडत नसेल तर गाडी थोडी मागे-पुढे हलवत गिअर पाडा.

रिकामा रस्ता असेल आणि जवळ गॅरेज नसेल तर अनुभवी लोक क्लचशिवाय गाडी नेतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून पायाने गाडीला गती देतात, मग पहिला गिअर टाकतात. पुढचे गिअर टाकताना क्षणभर रेस सोडतात. थांबायच्या आधी न्यूट्रल करतात. न्यूट्रल नाही मिळाला तर इंजिन बंद करून ब्रेक. यात झटके बसतात, गिअरबॉक्सवर ताण येतो आणि मागे कोणी बसवायचं नसतं. कधी केलेलं नसेल तर ट्रॅफिकमध्ये शिकायला जाऊ नका.

लेह-लडाखला किंवा लांब घाटात जाणारे रायडर एक सोपी युक्ती करतात. नवीन वायर जुन्या वायरच्या बाजूनेच नेऊन तिला टायने बांधून ठेवतात. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

वर्षभर टिकवायची कशी?

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा तरी लिव्हरचं निपल साफ करून ग्रीस लावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम हेच.

वायर जड वाटली तर वरचं टोक सोडवून त्याला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधा, त्यात पातळ ऑइल थेंब थेंब घाला आणि रात्रभर झिरपू द्या. कव्हरमध्ये घट्ट ग्रीस भरू नका, त्यात धूळ धरते. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या काही वायरींना कंपनी ऑइल घालू नका असं सांगते, तेवढं आधी पुस्तकात बघा. गाडी धुताना प्रेशरचा पाइप वायरच्या टोकांवर धरू नका. फाटलेलं रबर लगेच बदला.

आणि सवय. गाडी चालवताना दोन बोटं कायम क्लचवर टेकवून ठेवू नका. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलू नका. सिग्नलला वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करा. वायर, प्लेट्स आणि मनगट तिन्ही वाचतात. आणि वायर त्याच क्षणी तुटली तरी गाडी जागेवरच उभी राहते.

आज गाडी लावताना एवढंच करा: लिव्हरजवळचं रबर बाजूला सारा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि निपलपाशी तार बघा. अर्धा मिनिट लागतो. बारीक तारा सुटलेल्या दिसल्या तर उद्या ऑफिसला जायच्या आधी गॅरेज.